गाण्याखालचा आवाज

१२ जाने., सोम.
दुपारी ईशू अभ्यास टाकून मांडीवर येऊन बसली. "पप्पा, आई बोलती तो व्हिडिओ लावा ना." म्हटलं, त्यात काय, लावू. रेखा दिवाळीआधी गेली, पण बायकोचं एवढं शूटिंग जालन्यात दुसऱ्या कुणाकडे नसेल. लग्नाची ऑर्डर नसली की कॅमेरा घ्यायचा, गावभर हिंडायचं, टपऱ्या, बाजार, रिक्षा स्टँड, दिसेल ते टिपायचं नि चॅनलवर टाकायचं, हे माझं जुनं खूळ. बाजाराची पिशवी घेऊन ती बरोबर असायचीच.

पहिला लावला. भाजीबाजार. रेखा मेथीची जुडी झटकतेय, तोंड चालू, हात चालू. वरून बासरी. दुसरा लावला. स्टेशन रोड, सनई. तिसरा, कुंडलिका नदीचा पूल, कुठलं तरी हिंदी गाणं.

ईशू म्हणाली, "हा न्हाई. बोलण्याचा."

लावतच गेलो. सगळीकडे गाणी.

१३ जाने.
सगळी हार्ड डिस्क उलटीपालटी केली. काही नाही. लग्नाच्या धंद्याची सवय नडली. ज्यांच्या हाताखाली शूटिंग शिकलो त्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लग्नातला आवाज म्हणजे कचरा, जनरेटर, भांडणं, रुसलेला मामा. आधी म्यूट मारायचं, मग गाणं टाकायचं. हात तसाच बसला. रस्त्याचं शूटिंगही तसंच कापत आलो. आणि व्हिडिओ तयार झाला की कार्ड मोकळं करायचं, कारण दुसऱ्या दिवशी कुणाची तरी हळद असायचीच.

घरचं फोनवर कधी घेतलं नाही. कॅमेरा असताना फोन कशाला, हा माझा तोरा. व्हॉइस मेसेज तिला आवडायचे नाहीत, सरळ फोन लावायची.

खरं लिहायचं तर मलाही आठवेना. शब्द आठवतात. आवाज येत नाही.

१४, संक्रांत
गल्लीतल्या बायका ईशूला तिळगूळ देऊन गेल्या. प्रत्येकीनं जवळ घेतलं. गेल्या संक्रांतीला रेखानं याच ओट्यावर उखाणा घेतला होता, बायका हसून लोटपोट. शूटिंग आहे. ओठ हलतात, मान वेळावते, माझं नाव आलं असेल तिथं लाजून पदर तोंडाला लावते. वर संतूर.

रेखा गेल्यावर माझी आई कुंभार पिंपळगावहून आली ती इथंच आहे. तिनं पुरणाचा घाट घातला. कुणी नीट जेवलं नाही.

१७, शनि.
मेव्हण्याच्या फोनात कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे. मोठ्या आशेनं घनसावंगीला गेलो. म्हणाला, "दाजी, तो फोन मी एक्सचेंजला देल्ता की." चहा निवला. निघताना म्हणाला, "ताई मला शेवटी काय बोलल्ती तेबी मला आठवत न्हाई." त्याला काय समजावणार, मीच समजावून घ्यायला आल्तो.

(बघ, मीही त्याच्यासारखं लिहायला लागलो. रेखा असती तर चिडवलं असतं, मेव्हण्याची भाषा लागली म्हणून.)

१८, रवि.
ती गेल्यापासून पहिल्यांदा कॅमेरा घेऊन बाजारात. माइक दोनदा तपासला. मेथीवाल्या सखूमावशींना गाठलं. त्या बासरीच्या व्हिडिओत त्याच आहेत. शेवटी रेखा कॅमेऱ्याकडे वळते, वैतागून काहीतरी म्हणते. मलाच म्हणते. काय, ते कळत नाही. नेमकी तिथं मी बासरी मोठी केलीय.

विचारलं, मावशी, काय म्हणाली असेल?

"आता मला काय ठावं भाऊ? पण लई हुज्जत घालायची. जुडी झटकून म्हणायची, मावशी, ही काय मेथी हाय का गवत? अन् हसायची. मंग मीबी हसायचे." मावशींनी आवाज बारीक करून म्हणून दाखवलं. डोळ्याला पदर लावला. रेखाचा आवाज एवढा बारीक नव्हता. एवढं मात्र नक्की सांगता येतं.

पलीकडे चहावाले रशीदचाचा. "भाभी? भाभी तो बहोत धीरे बोलती थी. चाचा, शक्कर कम. बस." त्यांनी अगदी हळू म्हणून दाखवलं.

मावशींकडे भांडकुदळ, चाचांकडे मवाळ. घरी तिसरीच. दोघांचंही रेकॉर्ड केलं. घरी येऊन ऐकलं, दोघंच ऐकू येतात.

२२, गुरु.
बाजाराचा व्हिडिओ गाण्याशिवाय टाकला. तराजूचा खणखणाट, हातगाडीची चाकं, कोण कुणाला हाका मारतंय, एक म्हातारा खोकतोय. किती बोलतं हे गाव! एवढी वर्षं याचं तोंड दाबून मी वर संतूर वाजवत बसलो होतो.

खाली एकानं लिहिलंय, "भाऊ, गाणं टाकायचं राह्यलं का?"

हो भाऊ. राहिलं.

२५, रवि.
ईशूला बाजारात नेलं. चूक झाली. तिला बरं वाटावं म्हणून सखूमावशींनी पुन्हा रेखाची नक्कल केली. ईशू भाजीच्या ढिगाशी उभी राहून ओरडली, "अशी न्हाई म्हणत माझी आई!"

"मंग कशी म्हणती माय?" मावशी घाबरल्या.

पोरीनं तोंड घट्ट मिटून घेतलं. गाडीवर माझ्या पाठीला डोकं लावून घरापर्यंत रडली. शर्ट ओला झाला.

आईनं मला फैलावर घेतलं. "लेकराला कशाला नेऊन राह्यला तिथं? खपली काढून काय मिळतं रे तुला?" काय मिळतं ते मला तरी कुठं माहीत आहे. मला रेखा पाहिजे. ती मिळत नाही म्हणून तिचा आवाज मागतोय.

आठवडाभर कॅमेऱ्याला हात लावायचा नाही असं ठरवलं.

२८, बुध.
आई दोन दिवसांसाठी गावाकडे गेली. संध्याकाळी मीच भाकरी करायला बसलो. पीठ सैल झालं. ईशू आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर होती. गेम खेळत असेल म्हणून लक्ष दिलं नाही.

आतून आलं, "अहो, बंद करा ते. पिशवी धरा आधी, हात दुखून राह्यले माझे."

"आलो, आलो," मी म्हणालो.

उठलोसुद्धा. हात पिठाचे, दारापर्यंत पोचलो आणि मग कळलं.

ईशूनं बासरीचा आवाज पूर्ण बंद केला होता. पडद्यावर रेखा कॅमेऱ्याकडे वळलेली आणि पोरगी खालून बोलतेय, ओठाला ओठ जुळवून. त्या व्हिडिओत रेखाच्या पायाशी लाल फ्रॉकचं टोक दिसतं. ईशूच ती. तिथंच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

दाराच्या चौकटीला धरून रडलो. लपवलं नाही. ती घाबरली नाही. म्हणाली, "पप्पा, अशीच म्हणायची ना?"

हो म्हणालो. पण अशीच का? क्षणभर शंकाच नव्हती, नाहीतर उठलो असतो का? आता कान देऊन ऐकतो तर ईशूचा आवाज आहे, सर्दीनं जरा बसलेला. आणि तरी मी उठलो होतो.

कॅमेरा कपाटावरच होता, हात पोचेल एवढ्यावर. घेतला नाही. लाल दिवा बघून तिनं तोंड मिटलं तर?

"परत लावू?"

पिठाचे हात तसेच घेऊन तिच्याशेजारी बसलो. म्हटलं, लाव.