बाबांचं खाकरणं

१२ नोव्हेंबर २००५, श्रूजबरी

बाबांच्या वर्षश्राद्धाआधी आईला त्यांची फिल्म पाठवायची आहे. त्यांची एकच टेप आहे आणि तीत ते बोलण्याआधी दर वेळी खाकरतात. ते खाकरणं कापलं की चित्र तुटतं.

"नवीन सॉफ्टवेअर घे यार, कॉम्प्युटरही बदल. सगळं क्लीन होईल," रूममेट मीनल म्हणाली. घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. आमच्या घरात कॉलेज शिकलेली मी एकटीच, माझ्याच कामात खोट कशी चालेल?

संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "खाकरणं काढतेस? अगं, उंबऱ्याबाहेर खाकरल्याशिवाय ते कधी घरात आले का?"

मला हे कसं आठवलं नाही?

काही घ्यायचं नाही. सुरुवातीचं एक खाकरणं मी आधीच कापलं होतं. ते परत जोडलं.