आधी उलटा हात

नाना, माझ्या पायाला आता करंट लावतात. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून लिहायला बसले. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्यामागे आईही गेली, आणि करंटच्या बाबतीत ज्याचं मत घ्यावं असं दुसरं माणूस मला अजून भेटलेलं नाही. घरात सगळे म्हणाले, घे लावून, काय हरकत आहे. तुम्ही असता तर आधी त्या यंत्राचं झाकण उघडून बघितलं असतं.

आजाराचं थोडक्यात सांगते. उजवा पाय पुढे टाकायला गेले की पंजा उचलत नाही, नुसता लोंबतो आणि बोटं फरशीला घासत येतात. आधी सगळ्यांनी अशक्तपणावर नेलं, मग मणक्यावर, मग माझ्या जेवणावर. शेवटी निघालं ते मल्टिपल स्क्लेरोसिस. पायाला काहीच झालेलं नाही. मेंदूतून पायाकडे निरोप नेणाऱ्या नसांवरचं वेष्टण जागोजागी गेलंय. डॉक्टर म्हणाले, "वायरचं इन्सुलेशन उडाल्यासारखं समजा." मला लगेच शंका आली, मी मोटार वाइंडिंगवाल्याची मुलगी आहे हे यांना कुणी सांगितलं? बाहेर बसल्यावर ऐकलं तर पुढच्या पेशंटलाही तेच वाक्य. ऊन चढलं की पाय जास्तच जड होतो, आणि जळगावचं ऊन तुम्हाला मी काय सांगावं.

प्रश्न शाळेचा आहे. माझे वर्ग वरच्या मजल्यावर. मागच्या हिवाळ्यात जिन्यात पडले, पोरांसमोर. उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर मोठ्या बाई घरी आल्या, चहा घेतला आणि फार प्रेमाने म्हणाल्या, "जूनपासून तुम्ही खाली ऑफिसातच बसा ना. परीक्षांचं काम बघा. उगाच दगदग कशाला?" नाना, इतक्या गोड बोलण्यात काहीतरी असतंच. खुर्ची दिली की वर्ग गेला, आणि एकदा गेलेला वर्ग परत मिळत नाही. मला फळा हवाय. सुट्टी संपायच्या आत उत्तर देते म्हटलं आणि त्यांना दारापर्यंत सोडायला मुद्दाम उठले नाही, पाय घासलेला त्यांना ऐकू येऊ नये म्हणून.

मग यांनी धुळ्याचा एक फिजिओथेरपिस्ट शोधून काढला. तुमच्या जावयाचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे, कुठलीही नवी गोष्ट यांना आधी पटते आणि मग कळते. मेहरूणहून रिक्षाने स्टँडवर आणि तिथून एसटीने धुळे. वाटेत एरंडोलला बस थांबली तेव्हा मी खिडकीतून तुमच्या दुकानाच्या बाजूला बघितलं. आता तिथे पाण्याचे जार भरून मिळतात. जळक्या वार्निशचा वास यावा असं उगाच वाटलं, आला नाही.

फिजिओथेरपिस्ट म्हणजे अगदी तरुण मुलगा. गुडघ्याखाली बांधायचा एक पट्टा, आत दोन ओलसर पॅड, वर काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी. चालताना टाच उचलली की डबीला कळतं, ती गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूच्या नसेला करंट देते, आणि नस स्नायूला सांगते, पंजा वर घे. टाच टेकली की बंद. "मॅडम, वरून येणारा निरोप पोचत नाहीये, पण खालची नस आणि स्नायू चांगले आहेत. म्हणून आपण मधूनच सप्लाय द्यायचा," तो म्हणाला.

"म्हणजे आकडा टाकायचा," मी म्हटलं.

तो धुळ्याचाच असावा, कारण त्याला आकडा म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही. हसला आणि म्हणाला, "हो, पण हा कायदेशीर आहे." मला हसू आलं नाही. तारेवर आकडा टाकून वीज चोरणाऱ्यांवर तुम्ही किती चिडायचात ते आठवत होतं. त्यांच्या जळलेल्या मोटारी दुकानात यायच्या, त्यांच्यावरच आपलं घर चालायचं, तरी तुम्ही शेतकऱ्याला तोंडावर ऐकवायचात, "आकडावरनी मोटर फिरस, पन तिना जीव जास." मी त्या मुलाला विचारलं, माझ्या स्नायूचा जीव जाईल का? तो म्हणाला, थकेल, कातडी लाल होईल, जीव जाणार नाही. डबी बंद केली तर? "तर पंजा परत पडेल. या यंत्राने आजार बरा होत नाही, मॅडम. हे चालण्यापुरतं आहे." तेवढ्या एका उत्तराने तो मला जरा बरा वाटला. पण जरासाच. खरं बोलून विश्वास मिळवणारेही असतात.

पट्टा बांधल्यावर तो म्हणाला, हात लावून बघा, काही होत नाही. माझा हात आपोआप उलटा झाला. बोटांची मागची बाजू मी पॅडच्या कडेला टेकवली. तो बघतच राहिला. नाना, तुम्ही मला पाचवी-सहावीत असताना शिकवलं होतं, दुकानाच्या पायरीवर बसवून. "करंटले पहिले उलटा हात लावाना. सुलटा हात धरी लेस, मंग सोडस नही." करंटने मूठ आपोआप वळते, आणि आपण पकडतोय असं आपल्याला वाटतं. मला तेव्हा ती फक्त जपून राहण्याची युक्ती वाटली होती. त्या दिवशी धुळ्यात करंट सुरू झाला, नडगीवर मुंग्या चढल्या आणि माझा पंजा वर आला. मी उचलला नव्हता. तो वर आला. मला आनंद व्हायला हवा होता, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मला भीतीच वाटली. आपलाच पाय दुसऱ्याचं ऐकतोय हे बघायला फार वाईट वाटतं.

वापरून बघा म्हणून यंत्र घरी दिलं. घरी आल्यापासून यांचं सुरू झालं, "किती फरक पडलाय! आता तू पळशील." शेजारच्या काकूही म्हणाल्या, चाल सुधारली. आणि मला तुमची ती बाजारातली पेटी आठवली.

तुम्हाला आठवतं का? एरंडोलच्या आठवडे बाजारात एक माणूस यायचा, लाकडी पेटी घेऊन. लोकांच्या हातात पितळी मुठी द्यायचा आणि हँडल फिरवायचा. घर्रर्र आवाज, लाल दिवा, हातापायाला झिणझिण्या. सांधे, कंबर, लकवा, सगळ्यावर एकच औषध. एकदा पेटी बिघडली म्हणून तो ती तुमच्याकडे घेऊन आला. तुम्ही आवाज नीट केला, दिवा नीट केला आणि मुठींकडे जाणारी वायर मात्र जोडलीच नाहीत. मी समोर बसून बघत होते. तुम्ही म्हणालात, "झटका बसना म्हणजे काम व्हयनं, असं नही. आते देखूत." त्या दिवशी बाजारात कोणालाही झटका बसला नाही आणि सगळ्यांना बरं वाटलं. संध्याकाळी आई भाजीची पिशवी घेऊन आली ती खुशीतच. तीही गुडघ्यासाठी रांगेत उभी राहिली होती. "बठ्ठं अंग मोकळं व्हयनं," म्हणाली. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही ताटाकडे. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, आईला सांगायचं का? तुम्ही म्हणालात, "रातले झोपनी ना ती? मंग राहू दे."

मीही तेच केलं. एका सकाळी पट्टा बांधला, वर सलवार सोडली आणि डबी बंदच ठेवली. पडवीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. हे पेपर खाली ठेवून बघत होते. डोळे भरून आले यांचे. म्हणाले, "बघ, आज तर पायाचा आवाजसुद्धा येत नाहीये." आवाज चांगला येत होता, नाना. मला येत होता.

मी फार चिडले. दिवसभर भांड्यांवर राग काढला. यांनाच दिसत नसेल तर मी कोणाला विचारू? काकूंना? मोठ्या बाईंना? माझ्याच पायाबद्दल मला खरं सांगणारं कोणी उरलं नाही असं वाटलं. संध्याकाळी तुमचं दुसरं वाक्य आठवलं. कुठल्याही विहिरीवर मोटार बसवली की शेतकरी म्हणायचा, आवाज झकास आहे. तुम्ही पाटाकडे बोट करायचात. "आवाज राहू दे. पानी उनं का ते देख."

माझ्या पायाचं पाणी आलं की नाही ते कुठे बघायचं? मी मास्तरीण, माझ्या पर्समध्ये खडू असतोच. हे भाजी आणायला गेले तेव्हा उजव्या सँडलच्या टोकाला खालून खडू चांगला घासला आणि डबी बंद ठेवून पडवीच्या काळ्या शहाबादी फरशीवर चालले. मागे वळून बघितलं तर प्रत्येक पावलापुढे पांढरी रेघ. वर्गात नवीन पोराने ओढाव्यात तशा वाकड्यातिकड्या. फरशी पुसली, खडू पुन्हा लावला आणि डबी सुरू केली. पट्ट्याला आधी उलटा हात लावला, मग चालले. मागे बघायचा धीर होईना. मग बघितलं. टेकल्याचे ठिपके होते, रेघ नव्हती. खात्री पटेना म्हणून पुन्हा बंद करून चालले, रेघा आल्या. पुन्हा सुरू केलं, गेल्या. पाणी आलं, नाना.

हे पिशवी घेऊन आले तेव्हा फरशीवर शेवटच्या रेघा तशाच होत्या. "हे काय?" म्हणाले. मी म्हटलं, काही नाही, खडू पडला. यंत्र त्या सकाळी बंद होतं हे मी यांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. यांना खोटं बोलायचं नव्हतं. यांना मी चालताना दिसले, एवढंच. तुम्ही आईला का सांगितलं नाहीत ते मला आता कळतंय, आणि तेव्हा मी तुम्हाला मनातल्या मनात लबाड ठरवलं होतं.

मोठ्या बाईंना काल फोन केला. वर्ग वरचाच ठेवा म्हटलं. त्यांनी विचारलं, जिन्याचं काय? मी म्हटलं, कठडा धरून चढेन, आणि बॅटरी चार्ज करून येईन. मग त्या म्हणाल्या, बघू. त्यांच्या 'बघू'वर माझा विश्वास नाही, पण सध्या तेवढं पुरे.

हे पत्र कुठे टाकायचं याचा विचार मी केलेला नाही, त्यामुळे एक गोष्ट लिहून टाकते. ती खडूची परीक्षा घेताना यंत्र खोटं निघावं असं मला वाटत होतं. ते खोटं निघालं असतं तर मी ते परत केलं असतं आणि म्हटलं असतं, थांबू थोडं, पाय काय, आपला आपण उचलेल कधीतरी. यंत्र खरं निघालं. म्हणून रोज सकाळी आता पट्टा बांधते, आणि बांधायच्या आधी उलटा हात लावून बघते. त्याची काही गरज नाही, तो मुलगा म्हणाला होता.