ड्रायव्हरचं काम आणि चिमणीची शाळा

१४ मे

तीर्थस्वरूप बाबा,

तुम्हाला आणि आईंना नमस्कार. मी बरी आहे. आईंचा गुडघा कसा आहे? चिमणीने पाठवलेलं हत्तीचं चित्र मिळालं. सोंड फार लांब झाली आहे, पण तिला सांगू नका.

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. शाळेत चिमणीचं नाव तिकडेच घालू का, असं तुम्ही विचारलं होतं. दोनदा लिहायला बसले आणि उठले. हल्ली एका जागी बसवत नाही. ऑफिसातही उगाच पाण्याच्या यंत्राकडे फेऱ्या मारते.

काम चालू आहे. संगणकात एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालतात आणि डिस्क त्यामानाने फार संथ. म्हणून प्रोग्रामने डिस्कला काम सांगून झोपायचं, तेवढ्यात दुसऱ्यांनी आपलं उरकायचं. डिस्कचं झालं की ती इशारा देते आणि आमचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्क सांभाळणारा छोटा प्रोग्राम, झोपलेल्याला उठवतो. इतकं साधं. पण मधूनच एखादी फाइल अर्धवट थांबायची ती कायमची. बिघाड कुठेच दिसेना.

आमचे साहेब, ज्यांना सगळे मामा म्हणतात, वैतागले. "झोपवूच नका त्याला. झालं का, झालं का, असं डिस्कला विचारत बसू दे."

"मग बाकीच्यांनी काय करायचं? टाळ कुटायचे?" माझ्या शेजारी बसणारा म्हणाला. त्याला आम्ही पंतोजी म्हणतो, सारखा शिकवत असतो म्हणून.

काल चूक सापडली. प्रोग्राम काम सांगून झोपायच्या बेतात असतो, अजून झोपलेला नसतो, आणि नेमका तेव्हाच डिस्कचा इशारा येतो. उठवायला कुणी नाही, म्हणून इशारा वाया जातो. मग हा झोपतो आणि येऊन गेलेल्या इशाऱ्याची वाट बघत राहतो.

"डिस्क दुसऱ्यांदा सांगत नाही, ताई," पंतोजी म्हणाला. "तिच्या लेखी तिने सांगितलंय. झोपण्याआधी यानेच एकदा बघायला हवं."

दुरुस्ती चार ओळींची होती. मामांनी पेढ्यांऐवजी सगळ्यांना चहा पाजला. मी कप तसाच ठेवून जिन्यात जाऊन उभी राहिले.

बाबा, चिमणीला तुमच्याकडे नेल्यावर पहिल्याच आठवड्यात तुम्ही फोन केला होता. "आई न्यायला कधी येणार, असं विचारतेय," म्हणालात. तेव्हा घरात माणसं होती, मी हो हो म्हटलं. ऐकलं नव्हतं. त्यानंतर ती विचारत नाही, रमली आहे, असं तुम्ही लिहिता. मीही तेच धरून चालले. तिने पुन्हा विचारलं की जाईन, असं मनाशी ठरवून बसले होते.

खरं सांगायचं तर मला तिची भीती वाटते. संध्याकाळी दाराशी पावलं वाजली की ती धावत जायची. आता धावली तर मी काय सांगू? मी अजून बाहेरच्या खोलीतच झोपते. यांचे चष्मे, बूट, सगळं होतं तिथेच आहे.

तरी शाळेत नाव घालू नका. शनिवारी सकाळच्या गाडीने मी येते आणि रविवारी तिला घेऊन निघते. कामावर गेल्यावर तिला कोण बघणार, हा तुमचा प्रश्न बरोबर आहे. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त नर्सबाईंशी बोलले आहे, त्या हो म्हणाल्या. मी तिच्यासमोर रडेन, हेही मला माहीत आहे. आईंना सांगा, त्यावरून मला अडवू नका.

ती आल्यापासून घरात आवाज असतो, असं तुम्ही मागे लिहिलं होतंत. तो मी घेऊन जाणार आहे, याची मला जाणीव आहे. तुमचाही मुलगा गेला, बाबा. हे मी तुम्हाला एकदाही म्हटलं नाही.

तुमची सून