बटरफ्लायची दुसरी जागा

नाशिक, ४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुमच्या वसतिगृहात फक्त रविवारी फोन मिळतो आणि तेव्हा आई माझ्या शेजारीच उभी असते. म्हणून हे पत्र.

काकांची तेजस्विनी माझ्या क्लबमध्ये पोहणं शिकायला पिंपळगावहून आपल्याकडे राहायला आलीय, हे तुला आईने सांगितलंच असेल. ती तुझ्या कॉटवर झोपते. आई आधी तिची वेणी घालते, मग माझी. शेततळ्यात पोहायला शिकलेली मुलगी, पण बटरफ्लायमध्ये मला मागे टाकते. योगेश सर सगळ्यांसमोर म्हणाले, हिचे खांदे बघा. माझ्या खांद्यांबद्दल सर कधी काही बोललेत?

आता जिल्हा स्पर्धा आहे. प्रत्येक प्रकारातल्या पहिल्या दोघींना राज्य स्पर्धेत घेतात. नियम असा, की एका मुलीला तीनच प्रकारांत उतरता येतं आणि एका प्रकारात एका क्लबच्या दोघीच. बटरफ्लायला आमच्या क्लबची झेबा नक्की आहे. उरली एक जागा. मी क्लबमध्ये जुनी, म्हणून सरांनी आधी मला विचारलं. मी बटरफ्लाय मागितलं. तीन भरले म्हणून बॅकस्ट्रोक सोडावा लागला. सरांनी दोनदा विचारलं, नक्की का? मी नक्की म्हणाले. आता तेजूला ती जागा मिळणार नाही.

तू रागावशील, माहीत आहे. तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी निकिता


कोल्हापूर, ९ नोव्हेंबर २०२५

चि. निकितास,
अनेक आशीर्वाद.

माझ्या कॉटवर ती झोपते हे वाचून मलाही जरा टोचलं, खोटं कशाला बोलू! माझी निळी चादर तरी तिला देऊ नका म्हणावं.

पण तू वेडी आहेस का गं? बॅकस्ट्रोकमध्ये तुला हरवणारी जिल्ह्यात कोण आहे? तिचा रस्ता अडवायला तू स्वतःचाच सोडलास. नावं पाठवायची मुदत असेल तर आजच सरांकडे जा आणि बदलून घे. लाज वाटली तरी जा. आईला मी काही सांगणार नाही.

जेवत जा नीट. राग निवळला की दोन ओळी लिही.

तुझी ताई


नाशिक, २५ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मुदतीच्या आदल्या दिवशी मिळालं. मी सरांच्या खोलीपर्यंत गेले. आत तेजू हसत बसली होती. तशीच परत आले.

स्पर्धा रविवारी झाली. बटरफ्लायला मी चौथी आले. शेवटच्या हातांना तर पाणी चिखलासारखं लागत होतं. काठावरून तेजू माझ्या नावाने घसा फुटेस्तोवर ओरडत होती, तेही सहन होईना. मग बॅकस्ट्रोकची शर्यत लागली. जी पहिली आली, तिला मी गेल्या वर्षी सहज मागे टाकलं होतं. टॉवेल तोंडावर घेऊन बसले. माझ्या बाकीच्या दोन प्रकारांतही मी पहिल्या दोघींत नव्हते. तेजू फ्रीस्टाइलमध्ये दुसरी आली, म्हणजे राज्य स्पर्धेला ती जाणार, मी नाही.

घरी आल्यावर ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. म्हणाली, तुला बटरफ्लाय लय आवडतं म्हणून मी सरांकडं मागितलंच नाय. मग मला राहवलं नाही. तुला मिळू नये म्हणूनच घेतलं, असं सांगून टाकलं. ती पोहण्याचा ड्रेस पिळतच राहिली, पाणी संपलं तरी. मला वाटलं, आता बॅग भरून पिंपळगावला जाईल.

मग म्हणाली, मी ओरडत होते खरी, पण मनात म्हणत होते, ही मागं राहू दे. तुझी आई रोज काठावर बसती, माझी द्राक्षांच्या पॅकहाउसमधल्या कामातून रविवारीसुद्धा सुटत नाय.

ताई, हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं ना? इतकं बरं वाटलं की मला हसूच आलं. तीही हसली. आम्ही दोघी ओल्या कपड्यांत बसून पोट दुखेपर्यंत हसलो. खालून आई विचारत होती, काय झालं, काय झालं. आम्ही दोघींनीही सांगितलं नाही.

घरचे सगळे बरे आहेत. आठवण ठेव.

तुझी निकिता