एकच ताट

४ ऑगस्ट, देगलूर
तहसिलीतली नोकरी, माडीवरची हवेशीर खोली आणि महामाया-पुनमसारख्या दोन बडबड्या सोबतिणी. आणखी काय पाहिजे? महामाया माझ्याच इस्लापूरची, पुनम किल्लारीची. मी येऊन तास झाला नाही तोच दोघींनी माझा चिवडा संपवला. खाली कमलम्मा म्हणून म्हातारी एकटी राहते. तिच्याकडे पाणी मागितलं तर तिने आधी आडनाव विचारलं आणि मग तांब्यातलं पाणी वरून ओंजळीत ओतलं. महामाया म्हणाली, मलाही दोन वर्षं असंच. मी हसले, पण राग आलाच.

१९ ऑगस्ट
कमलम्माच्या पायाला शुगरने जखम झालीय. मुलं हैदराबादला, काळजी फोनवरून. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, पाय कापावा लागेल. ती तयार नाही. मग आम्ही तिघींनी पाळ्या लावल्या. आज माझी. पट्टी कातडीसकट निघाली. पिवळा पू, खाली काळं मांस आणि सडलेल्या कांद्यांच्या पोत्यासारखा वास. नाकाला ओढणी लावायची नाही, तिला वाईट वाटेल, हा पुनमचा नियम. वर येऊन दोनदा आंघोळ केली, तरी जेवताना भाताला तोच वास.

२ सप्टेंबर
महामाया उड्या मारतच वर आली. कमलम्माने तिला स्वतःच्या ताटात जेवायला बसवलं! अर्धी भाकरी खाऊन उरलेली तिच्याकडे सरकवली, आणि हिने ती सगळी खाल्ली. जिने दोन वर्षं वरून पाणी घातलं, तिचं ताट. तिथे किळस दाखवून कसं चालेल? मला हेवा वाटला.

१० सप्टेंबर
कमलम्माची जखम झपाट्याने भरतेय. महामायाच्या अंगठ्याला मात्र फोड आलाय. चप्पल चावली म्हणते.
आज ताट माझ्यापुढे आलं. कमलम्मा म्हणाली, "जेव माय. आता कसला विटाळ?" वरणात तिची बोटं बुडलेली, कडेला चावून टाकलेला तुकडा. तरी चाटूनपुसून खाल्लं. आईला फोनवर सांगितलं तर ती रडली.

१७ सप्टेंबर
महामायाचा पाय घोट्यापर्यंत काळा. तिला शुगर नाही. पण पू तोच, वासही तोच. नांदेडला नेलं.

२१ सप्टेंबर
तिचा पाय कापला.
माझ्या अंगठ्याला फोड.
खाली कमलम्मा अनवाणी अंगण झाडतेय. टाच गुलाबी, तान्ह्या बाळाची असावी तशी. बघून उलटी झाली.

२३ सप्टेंबर
पुनमला विचारलं, तुला कधी तिच्या ताटात बसवलं? नाही म्हणाली. तिला वेगळं ताट, घासूनपुसून. उष्टं फक्त आम्हा दोघींना. पुनमचा चेहरा उतरला.
खाली जाऊन जाब विचारला. कमलम्माने काही लपवलं नाही. "उष्ट्यासंगं दुखणं जातंय, यव्वा. पर खाणाऱ्यानं खुशीनं खावं लागतंय. तुमी दोघी किती खुशीनं खाल्लं! पुनम चांगल्या घरची पोर, तिला कसं देऊ?"
पू पाहून आली नव्हती एवढी शिसारी आली.
निघताना ती म्हणाली, मीही कुणाला तरी देऊन टाकावं.
पुनमला हे सांगितलं नाही. का नाही, ते लिहिणार नाही.

२६ सप्टेंबर
पट्टी सोडली. फडक्यात काहीतरी चिकटून आलं. नख.
वास माझा. माझाच. उद्या नांदेड— पाय—

२७ सप्टेंबर
गाडी दुपारी येईल. पुनमने भात कालवून दिला. दोन घास गेले, पुढे जात नाही. ती म्हणतेय, कमलम्माने आपल्यात भेद केला, तिला लाज वाटते. आज माझ्याच ताटात जेवणार. अगदी खुशीने.
मी नको म्हटलं नाही. अजून नाही.
ताट आमच्या मधे आलंय. कुणी सरकवलं— मीच—
हात धुऊन आली. बसली. हसतेय.
पुनम, खाऊ नको— हे वहीत नाही, तोंडाने म्हणायचं, तोंडा