समीरच्या वाटणीच्या गोळ्या

गुरुवार, संध्याकाळ

लिहिल्याशिवाय राग उतरायचा नाही.

मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासणीचा रिपोर्ट आज आला. क्लॅमिडिया. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं. हा संबंधातून होणारा संसर्ग आहे. पुष्कळदा काही त्रासच होत नाही, म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. गोळ्यांनी बरा होतो, पण दोघांनीही घ्यायच्या, नाहीतर पुन्हा होतो. त्यांनी दोन पाकिटं दिली, एक माझं, एक नवऱ्याचं.

समीर अंबडच्या कारखान्यातून ड्यूटी करून आला. मी सगळं सांगून त्याचं पाकीट पुढे केलं, तर म्हणाला, "मला काय धाड भरलीय? तू कुठून आणलंस ते बघ आधी." आणि पाकीट टीव्हीमागे भिरकावलं.

कुठून? लग्नाआधी मी कुणाचा हातसुद्धा धरला नव्हता. त्याला कधी विचारलं मी, तुझं काय म्हणून? गोळ्या घे, एवढंच तर म्हणत होते ना?

सासूबाई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. वाटलं, आता माझीच खरडपट्टी. त्यांनी टीव्हीमागून पाकीट काढलं आणि पाण्याचा तांब्या घेऊन समीरसमोर उभ्या राहिल्या.

"मूल व्हावं म्हणून दोन वर्षं ही माझ्या शब्दाखातर उपास करतेय. तुला एक गोळी जड होते?"

त्याने गोळी घेतली. बोललेलं मात्र मागे घेतलं नाही.

ते मागे घेईपर्यंत माझं अंथरूण सासूबाईंच्या खोलीत.