सत्तेचाळिसावा मणी

जवाहर नगर, जयपूर
१८ मार्च

चि. सौ. सुधास,

ताईचे अनेक आशीर्वाद. पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळे खुशाल आहेत. ह्यांची शुगर आटोक्यात आहे. विमा कंपनीतले शेवटचे अकरा महिने राहिलेत, रोज संध्याकाळी कॅलेंडरपुढे उभे असतात. इथे ऊन चढायला लागलंय. दुपारी पंखा आणि पहाटे रजई, असं दोन्ही चालू आहे. तू बापू बाजारात घासाघीस करून दुकानदाराला रडकुंडीला आणून घेतलेल्या दोन रजया कुरिअरने पाठवल्या आहेत, पोचल्या की कळव. चष्म्याचं घर मात्र इथेच विसरलीस.

फोन सोडून पत्र का, तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी 'अगं ऐक' म्हणेपर्यंत तुझ्या तीन गोष्टी सांगून होतात. मग तू हसतेस, मग मी हसते, आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की सांगायचं होतं ते राहिलंच. गेले पाच रविवार हेच झालं. आणि परवा तू सांगितलंस की दोन एप्रिलला पोचायचं तिकीट काढलंय, खास बनी पार्कच्या श्वासाच्या वर्गासाठी येतेयस. "उशाशी तूच बसायचंस हं ताई, दुसरं कुणी नको." त्या वाक्यानंतर मला जेवण गेलं नाही. म्हणून आज हे ऑफिसला गेल्यावर दार लावून लिहायला बसले आहे.

आधी एक छोटं खोटं निस्तरते. दम्यासाठी त्या वर्गाला जाते, असं मी तुला सांगत आले. दमाबिमा काही नाही. मी आईसाठी जात होते.

तुला आठवतं ना, आई गेली तेव्हा मी कशी पोचले ते? जयपूरहून विमान उशिरा सुटलं, पुण्याहून मिरजेपर्यंतची टॅक्सी बंद पडली, आणि मी दारात आले तेव्हा तुम्ही सगळे आंघोळी करून ओले केस पुसत बसला होतात. तू चहा दिलास. मी विचारलं, जाताना काही बोलली का? तू म्हणालीस, "तुझं नाव काढलं होतं." मी मान हलवली, पण तुझ्यावर विश्वास ठेवला नाही. मला वाटलं, हिच्याकडे सगळंच आहे, त्यातलं एवढंसं मला वाढतेय.

मग पुढच्या डिसेंबरात शेजारणीने सुलोचनाजींच्या वर्गाबद्दल सांगितलं. बनी पार्कात जुन्या गेस्ट हाऊसच्या वरच्या मजल्यावर, सकाळी अकरा वाजता. आधी भराभर श्वास, मग लांब, मग आणखी लांब, आणि नीट जमलं तर माणूस स्वतःच्या अंगातून बाहेर पडतो, वरून स्वतःला बघतो, कुणी कुणी लांबही जाऊन येतं. वर्गात त्याला नुसतं 'निकलना' म्हणतात. एकमेकींना विचारतात, "आज निकलीं क्या?" मी ठरवलं, आपण एकदा निघायचं, आईला बघायचं आणि विचारायचं. काय विचारायचं ते तुला सांगायला नको.

चौदा महिने गेले मी. बोटांना मुंग्या येतात, कपाळ गार पडतं, एवढंच. एक दिवस वर्ग चुकवला नाही, सकाळी उपाशी पोटी गेले, कॉफी सोडली. झोटवाड्याचा तो पत्र्याच्या पेट्या करणारा जाडा माणूस तिसऱ्या आठवड्यात छतापर्यंत गेला आणि खाली येऊन म्हणाला, पंख्याच्या पात्यांवर फार धूळ आहे. दुसऱ्या दिवशी स्टुलावर चढून बघितलं, धूळ होती. त्या माणसाचा मला इतका राग आला की मी दोन दिवस त्याला नमस्तेसुद्धा म्हटलं नाही. सुलोचनाजी मला म्हणायच्या, "विजयमालाजी, आप दरवाज़े को धक्का बहुत देती हो. ज़रा छोड़ दो." सोडून दे म्हणणं सोपं असतं. हे घरी चिडवायचे, "काय, आज तरी तुमची गाडी सुटली का?"

आणि फेब्रुवारीत तू आलीस.

तू वर्गाला आलीस ती दुपारपर्यंत घरी गप्पा मारायला कुणी नाही म्हणून. हवामहल बघून झाला होता, पाय दुखत होते, म्हणालीस, "चल, आडवं तरी पडायला मिळेल." तिथली रीत मीच तुला समजावली. दोघींची जोडी असते. एकीने आडवं व्हायचं, दुसरीने उशाशी माळ घेऊन बसायचं. आडवीचा लांब श्वास सुरू झाला की प्रत्येक श्वासाला एक मणी. एकशे आठ झाले, मेरुमणी हाताला लागला, की हाक मारायची. त्याआधी काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. हाकेचं वाक्यही जिचं तिने आधी द्यायचं, आपल्या घरातलं, कुठेही असलो तरी ऐकून परत यावं असं. माझं चौदा महिने तेच आहे, "विजू, शाळेची वेळ झाली." ती हाक मारायची पाळीच कधी आली नाही, मी इथेच असते. तू क्षणभर विचारही केला नाहीस. आईच्या आवाजात म्हणालीस, "सुधे, दूध उतू गेलं!" मराठी न कळणारा सगळा वर्ग हसला.

सुधे, आता खरं लिहिते.

वीस-पंचवीस मणी झाले तेव्हा तुझी चुळबूळ थांबली. पस्तिसाव्याला तुझी जिवणी सैल पडली. मग तू हसलीस. ओठ मिटून, घशातल्या घशात, तू आणि आई स्वयंपाकघरात माझ्याबद्दल बोलताना मी आत आले की हसायचात तसं. आणि तू स्पष्ट म्हणालीस, "आई, अगं हो, हो."

मला काय झालं ते मी एक महिना शोधतेय. शोधायचं काय त्यात, मला माहीत आहे. मला तुझा हेवा वाटला. साधासुधा नाही, गळ्यापर्यंत आला. मी पेटीच्या परीक्षेसाठी वर्षभर घासायची आणि तू दाराआडून ऐकून तेच वाजवायचीस. मी पाककृती वहीत उतरवून ठेवायची आणि तू अंदाजाने मीठ टाकलंस तरी आई तुझीच आमटी परत मागायची. बाबा गेल्यावर आई राहिली तुझ्याकडे. शेवटचे आठ दिवस तुझे. शेवटचं पाणी तुझ्या हातचं. आणि आता चौदा महिने मी ज्या दारावर डोकं आपटत होते, त्या दारातून तू स्वेटर घालून, पाय दुखतात म्हणून, पहिल्या दिवशी सहज आत गेलीस. आत जाऊन बसलीससुद्धा. मला वाटलं, हेही हिलाच का?

मी हाक मारली. आईच्या आवाजात, जोरात. "सुधे, दूध उतू गेलं!"

माळ संपली नव्हती. सत्तेचाळिसावा मणी माझ्या बोटात होता.

तू धडपडत उठलीस, डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला वाटलं घाबरलीस. पण तू माझा हात धरून म्हणालीस, "ताई, मिरजेचं स्वयंपाकघर गं. आई खाली बसून गहू निवडत होती. मला म्हणाली, ये, सूप धर. मग म्हणाली, विजूला सांग. एवढंच म्हणाली बघ, 'विजूला सांग', आणि तुझी हाक आली. किती पटकन संपते गं माळ!"

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "हो ना, पटकनच संपते."

सुलोचनाजींनी एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे. मी माळ मुठीत तशीच घट्ट धरली होती, घरी येईपर्यंत त्या मण्यावरून बोट काढलं नाही. ई-रिक्षात तू कडेने दिसणारी दुकानं मला दाखवत होतीस. घरी आल्यावर मी न्हाणीघरात गेले आणि माझ्या ब्लाउजची शिवण उसवून त्यातला लाल दोरा त्या मण्याला बांधला. का बांधला ते तेव्हा कळलं नाही.

तू गेल्यावर मी आणखी एक लाजिरवाणी गोष्ट केली, तीही लिहूनच टाकते. वर्गात सांगितलं की आज मी निघाले. तुझंच स्वयंपाकघर सांगितलं, तीच आई, फक्त गव्हाऐवजी तांदूळ केले. झोटवाड्याच्या त्या माणसाने टाळ्या वाजवल्या. सुलोचनाजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "और वापस किसने बुलाया?" त्या दिवशी माझ्या उशाशी कुणी बसलंच नव्हतं, जोडीदारीण आली नव्हती. तेव्हापासून गेले नाही.

त्या दिवशी ह्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, नेहमीसारखे हसतील. हे म्हणाले, "माझ्या मते हा सगळा मेंदूचा खेळ आहे. पण खेळ तर खेळ, तिचा चांगला चालला होता. तू का मोडलास?" पस्तीस वर्षांत ह्यांनी मला इतकं सरळ कधी काही विचारलं नव्हतं.

आणि तू तिकडे मिरजेत मैथिलीला उशाशी बसवून प्रयत्न करतेयस. पाच वेळा झोपलीस आणि एकदाही गेली नाहीस. परवा म्हणालीस, "सुनेला आईसारखी हाक येत नाही ताई. परत आणायला आईचा आवाज असेल असा भरवसा असला तरच मला सुटता येतं. तुझ्यासारखी हाक कुणालाच जमत नाही." म्हणजे ज्या हाकेने मी तुला तिथून ओढून काढलं, तिच्याच भरवशावर तू चारशे कोसांवरून येणार आहेस. पुन्हा म्हणालीस, "आई तुला काय सांगत होती ते ऐकून यायचंय मला. तुझ्यासाठी जायचंय." माझ्यासाठी! मी इकडे चार भिंतींत तोंड दाबून रडले.

मला गप्प बसता आलं असतं. तू आली असतीस, मी पूर्ण एकशे आठ मोजले असते, तुला कधी कळलं नसतं. दोन दिवस मी हाच बेत करत होते. पण तू डोळे मिटून पडलीस आणि परत हसलीस, तर माझ्या जिभेवर काय येईल याची मला खात्री नाही. आणि तुला माहीत नसताना तुझ्या उशाशी बसायचा मला हक्क नाही.

'तुझं नाव काढलं होतं', हे तू तेव्हा खरंच सांगत होतीस, हो ना? मी दीड वर्ष तुला खोटी ठरवलं. आता ते निरोपाचं वाक्यही अर्धं राहिलं आणि ते मीच तोडलं. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला जन्मभर माफ केलं नसतं, म्हणून तूही लगेच कर असं म्हणणार नाही. भांड माझ्याशी. फोन करून शिव्या दे. फक्त हसू नकोस, या वेळी हसलीस तर मला सहन होणार नाही.

पाकिटात माळ आहे. लाल दोरा बांधलाय तो सत्तेचाळिसावा. पुढचे एकसष्ट श्वास तुझे होते, ते मी मध्येच थांबवले. सुलोचनाजींना फोन करून विचारलं, उरलेले तिथून पुढे मोजता येतात का. त्या म्हणाल्या, "गिनती का क्या है, जाने वाले का मन होना चाहिए."

तुला माझ्याशिवाय जायचं असेल तर माळ मैथिलीला दे आणि तिकीट रद्द कर, मी समजून घेईन. आई काय म्हणाली ते मला सांगायचं की नाही, तेही तूच ठरव. पण दोन तारखेला यायचंच ठरवलंस तर माळ बरोबर आण. मी स्टेशनवर उभी असेन. तुझ्या हातात ती दिसली तर तुझ्या उशाशी बसेन, आणि तू कितीही हसलीस, कुणाशीही बोललीस, तरी मेरुमणी हाताला लागेपर्यंत तोंड उघडणार नाही.

भावोजींना नमस्कार, मैथिलीला आशीर्वाद. हे पत्र त्यांना दाखवायचं की नाही ते तुझ्यावर सोपवते.

तुझा आयुष्यभर हेवा करत आलेली, आणि आता तूच जाऊन यावंस म्हणून वाट बघणारी,

तुझी
विजूताई